राजापूरचा धक्का आणि डोंगरावरची नाचणी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या स्थिरावलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत कुलवृत्तान्ताचे एखादे जीर्ण पुस्तक बहुधा असतेच. त्याच्या पहिल्या काही पानांत मूळ गावाचा उल्लेख येतो. कोणाचे गाव अर्जुनेच्या काठी, कोणाचे शास्त्रीच्या, कोणाचे वाशिष्ठीच्या. पुढे कोणी एक मूळ पुरुष घाट चढून गेला आणि त्याचे वंशज बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी नांदू लागले, एवढी हकिकत सांगून ग्रंथ वंशावळीकडे वळतो. मागे राहिलेल्या त्या नदीचे पुढे काय झाले, हे कुलवृत्तान्त सहसा सांगत नाही. कुलदैवताच्या निमित्ताने वर्षा-दोन वर्षांनी कोकणात उतरणाऱ्या आम्हांलाही तो प्रश्न फार दिवस पडला नव्हता.

काही वर्षांपूर्वी भर वैशाखात राजापूरला मुक्काम घडला. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या संगमावर हे गाव वसले आहे. पात्रात उतरलो, तर पायाखाली गोटे, वाळू आणि त्यावर सुकून भेगाळलेला गाळ. ज्या पात्रातून एके काळी परदेशी व्यापाऱ्यांचा माल वाहिला गेला, ते हेच का, असा प्रश्न मनात आला. सरकारी नोकरीत असताना तलाव किती भरले आणि किती गाळले, याचे तक्ते आमच्या टेबलावरून अनेकदा गेले होते. त्या सवयीने विचार करू लागलो. हा गाळ कोठला, केव्हाचा आणि तो खाली उतरला तरी कोणाच्या हाताने? या लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा यत्न आहे.

राजापूरचे वैभव हे दंतकथेतले नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली. मिरी, वेलदोडे आणि घाटावरचे कापड यांचा हा बाजार होता. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत करणाऱ्या इंग्रज वखारवाल्यांना कैद केले, हा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. समुद्राच्या मुखाशी जैतापूर, आत खाडीच्या शेवटी राजापूर, आणि राजापूरहून अणुस्कुऱ्याच्या घाटाने कोल्हापूर प्रांतात जाणारी बैलांची वाट, अशी या व्यापाराची रचना होती. गलबत जेथपर्यंत आत येऊ शके आणि बैल जेथपर्यंत खाली उतरू शके, ती दोन्ही टोके जेथे जुळत तेथे बाजारपेठ वसे. चिपळूण, संगमेश्वर, महाड यांचीही घडण अशीच आहे.

आता १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड पाहावा. अरबांची गलबते अजून थेट येतात असे जिल्ह्यातले एकमेव बंदर म्हणून त्यात राजापूरची नोंद आहे. पण त्याच्याच शेजारी दुसरी नोंद आहे. कोणतेही बऱ्यापैकी मोठे जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. धक्का जागेवरच राहिला आणि पाणी मात्र तीन मैल मागे सरले.

राजापूर केवळ गाळाने बुडाले, असे म्हणणे अर्थातच एकांगी ठरेल. मुंबईचा उदय झाला, बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे गेली, आगबोटींना खोल पाणी लागू लागले, आणि घाटावरच्या मालाने कोकणच्या बंदरांकडे पाठ फिरवली. व्यापार गेल्यावर खाडीची निगा राखण्याचे कारणही कोणाला उरले नाही. तरीही व्यापाराच्या जाण्याने पात्र भरत नाही. पात्र भरण्यासाठी वरून माती यावी लागते.

कोकणच्या नद्यांची प्रकृती येथे ध्यानात घ्यावी लागते. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांत सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांचेच अंतर. पाऊस अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे वहाळ आणि नद्या डोंगरातून धावतच खाली येतात. ही धाव जेथे संपते, तेथे जमिनीचा उतार एकाएकी नाहीसा होतो आणि समोरून भरतीचे पाणी येऊन भिडते. वेग मंदावला की वाळू आणि गोटे तळाशी बसतात. मातीचे अत्यंत सूक्ष्म कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात, पण खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच ते एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तेही खाली बसतात. म्हणजे भरतीची शेवटची सीमा हीच गाळ बसण्याची नैसर्गिक जागा. आणि वर सांगितल्याप्रमाणे आपल्या पूर्वजांनी बाजारपेठा वसवल्या त्याही नेमक्या याच जागी. डोंगरातली माती सैल झाली, तर तिचा पहिला भार राजापूर-चिपळूणसारख्या गावांच्या दारातच पडणार, हे त्या गावांच्या स्थानातच लिहिलेले होते.

मग डोंगरातली माती सैल कशाने झाली? शेतीने, असे एका शब्दात उत्तर देता येईल, पण ते अपुरे होईल. कारण शेती एकाच प्रकारची नव्हती.

कोकणातल्या भातशेतीचे उदाहरण घ्यावे. दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यात दगडांचे बांध घालून एकाखाली एक अशी खाचरे रचलेली असतात. वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरते. प्रत्येक बांधाशी ते थबकते आणि आपल्याबरोबर आणलेली माती तेथे ठेवून पुढे जाते. कित्येक खाचरांची जमीन तर अशी अडवलेल्या गाळानेच घडलेली आहे. ही शेती नदीची वैरीण नव्हे. उलट, नदीकडे जाणारी माती वाटेत वसूल करणारी ती नाकेबंदीच होती.

वरकस जमिनीचे मात्र तसे नाही. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी, तांबडी, उथळ माती. तिच्यावर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक, शेवटी तीळ, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक, असा फेर असे. उतार सौम्य असला तर हलका नांगर, नाही तर कुदळ. झाडांच्या फांद्या आणि पालापाचोळा तोडून त्याचा राब भाजायचा, त्या जागी रोपे करायची आणि पाऊस लागल्यावर ती उतारावर लावायची. यात मेख अशी की जमीन खणून भुसभुशीत केलेली असते ती आषाढाच्या मुसळधार पावसाच्या तोंडावर, आणि तिला झाकील असे पीक वाढायला श्रावण उजाडतो. मधल्या काळात पडणारा प्रत्येक थेंब उघड्या मातीवर पडतो. पडीक वर्षे पुरेशी असतील, तर गवत आणि झुडपे पुन्हा वाढून जखम भरून येते. ती वर्षे कमी पडू लागली की जखम उघडीच राहते.

एकोणिसाव्या शतकात ती वर्षे कमी पडू लागली. लढाया थांबल्या, गावे वाढली. १८७२ च्या खानेसुमारीत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १०,१९,१३६ भरली, आणि १९०१ मध्ये ती ११,६७,९२७ झाली. त्यात सावंतवाडी संस्थान धरलेले नाही. दर चौरस मैलास सुमारे २९० माणसे, आणि जमिनीचा मोठा भाग कातळाचा. भाताच्या खोऱ्यांत नवी खाचरे काढायला फारशी जागा उरली नव्हती. वाढत्या तोंडांना अन्न पुरवायचे तर डोंगरावर चढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

डोंगरावर चढले कोण, हाही इतिहासाचाच भाग आहे, आणि आमच्या वाचकांना तो कदाचित थोडा बोचेल. कोकणात खोतीची पद्धत होती. गावाचा वसूल सरकारात भरणारा खोत, आणि प्रत्यक्ष जमीन कसणारे कुळ. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. खोती जमिनीत भाताच्या पिकाचा निम्मा वाटा खोताला देण्याची अर्धेल आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा देण्याची तिर्धेल ही रीत प्रसिद्धच आहे. ज्या कुळाचे निम्मे भात दुसऱ्याच्या कणगीत जाई, त्याच्या घरी वर्षाचे पोट नाचणी-वरीवरच भरे. त्यामुळे त्याने शक्य तितका उतार खणला, तर त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा त्यांच्यासमोर हेच कुळ होते. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. आमच्यापैकी काही घराण्यांकडे खोती होती. त्या खोतीच्या उत्पन्नावर पाठवलेल्या पैशांनी घाटावर आणि त्याही पलीकडे कित्येकांची शिक्षणे झाली, हे मोकळेपणाने कबूल करावयास हवे.

शेतीच्या जोडीला कुऱ्हाडही होती. १८२० च्या दशकात रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने खाजगी जमिनीतल्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडण्यात आला. लोक आपली झाडे आपण राखतील, असा त्यामागचा होरा होता. घडले ते उलटे. मुंबईच्या वाढत्या वस्तीला इमारती लाकूड आणि जळण हवे होते, गलबते बंदरात तयार होती, आणि डोंगर उघडे पडत गेले. झाड गेलेल्या उतारावर मग नाचणीची कुदळ पोहोचली.

या दोहोंचा आणि भरून येणाऱ्या पात्रांचा संबंध त्या काळी कोणाच्या ध्यानी आला नव्हता, असे नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी तो सरकारपुढे मांडला होता. डोंगरावरील जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती, जिला कारवारकडे कुमरी आणि गोव्यात कुमेरी म्हणत, ती थांबवली नाही, तर खाली नद्या आणि खाड्या भरून येतील, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. वनखात्याच्या दृष्टीत मात्र दोष सगळा कुमरी करणाऱ्या गरिबाचा होता. मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागवानाचा हिशेब त्यात तितक्या ठळकपणे मांडला गेला नाही.

येथपर्यंत वरून येणाऱ्या मातीची हकिकत झाली. खाडीतही शेतीने एक काम केले, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. खाडीच्या दोन्ही अंगांना सखल खाजण पसरलेले असते. भरतीचे पाणी त्यावर पसरते आणि ओहोटीला ते सगळे एका अरुंद पात्रातून समुद्राकडे परत जाते. त्या परतीच्या जोराने पात्राचा तळ खरवडला जातो. खाडीची ही रोज दोनदा होणारी झाडलोटच म्हणायची. कोकणात आणि गोव्यात शेकडो वर्षे लोकांनी बांध घालून, उघाड्या ठेवून या खाजणांत भात पिकवले. गोव्यातल्या गावकरी संस्थांनी ही बांधबंदिस्ती आणि मानशींची व्यवस्था ज्या शिस्तीने सांभाळली, ती शेतीच्या इतिहासात आदराने नोंदवण्याजोगी आहे. परंतु जितके खाजण बांधाआड गेले, तितके भरतीचे पाणी आत यायचे कमी झाले, आणि जितके पाणी कमी, तितका ओहोटीचा जोर कमी. वरून माती वाढली आणि खालची झाडलोट मंदावली. वर साठलेल्या गाळाची नवी मळई दिसली की कोणीतरी तीही बांधून घेई. एकाच्या बंदराचा ऱ्हास हा दुसऱ्याच्या शेताचा जन्म होता.

अशी स्थित्यंतरे एकट्या एकोणिसाव्या शतकातली नाहीत. जुवारीच्या काठचे गोपकपट्टण, म्हणजे आजचे थोरले गोंय, हे कदंबांचे राजधानीचे बंदर. पंधराव्या शतकात त्याचे महत्त्व ओसरून मांडवीकाठचे एळा पुढे आले, त्यामागे जुवारीचा गाळ हे एक कारण मानले जाते. पण एकोणिसाव्या शतकातला वेग निराळा होता, कारण उतारावर चढलेल्या माणसांची संख्या निराळी होती.

आता मुळातल्या प्रश्नाकडे येऊ. डोंगरावरून निघालेली माती समुद्राला मिळायला किती काळ लागतो? पावसाळ्यात तांबडीलाल नदी पाहिली, की ती माती दोन दिवसांत समुद्रात गेली असणार, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीची काटेकोर परीक्षा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, कून क्रीक या लहानशा नदीवर झाली. तिचे खोरे सुमारे ३६० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या एखाद्या लहान नदीएवढेच. १८५० च्या दशकात तेथे युरोपातून, विशेषतः नॉर्वेहून, आलेल्या शेतकऱ्यांनी वस्ती केली. आधी गहू, मग दुभत्या गुरांसाठी मका. उताराच्या दिशेने सरळ नांगरट. १९२० आणि १९३० च्या दशकांत खोऱ्याच्या तळाशी काही ठिकाणी वर्षाला सुमारे पंधरा सेंटिमीटर गाळ चढत होता. रस्ते, कुंपणे, पूल त्याखाली गेले. १९३३-३४ मध्ये अमेरिकी सरकारने मृदसंधारणाचा आपला पहिला पाणलोट प्रकल्प तेथेच हाती घेतला. समपातळीवर नांगरट, पट्ट्यापट्ट्याने पिके, गुरांना चराईबंदी अशा उपायांनी उतारावरची धूप खूपच घटली.

पुढे स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने १९३० च्या दशकात मोजलेल्या जुन्या छेदांवर पुन्हापुन्हा मोजणी करून सगळ्या मातीचा जमाखर्च मांडला. त्याचे निष्कर्ष १९८१ आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते चकित करणारे होते. शेतीच्या वाईट काळात उतारावरून धुपलेल्या मातीचा अगदी लहान अंशच नदीच्या मुखातून मिसिसिपीत गेला होता. बाकीची खोऱ्यातच, पायथ्याशी, काठांवर आणि पूरमैदानात मुक्काम करून होती. पुढे धूप घटली, तरी मुखातून बाहेर जाणारा गाळ मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. कारण नदी आता आजोबांच्या शेतातली साठलेली माती थोडी थोडी उकरून नेत होती.

कोकणच्या नद्या कून क्रीकपेक्षा कितीतरी चढणीच्या, आणि पाऊसही तिप्पट-चौपट. त्यामुळे आकडे तसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण तत्त्व लागू पडते. लहान नदी म्हणजे माती वाहून नेणारी नळी नव्हे. ती मातीचे कोठार आहे. एका पिढीने भरलेले कोठार ती पुढच्या तीन-चार पिढ्यांच्या हवाली करते.

याच दृष्टीने आजचे कोकण पाहावे. वरकसाची नाचणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरत गेली. कसणारे हात मुंबईला गेले, मनीऑर्डरीवर घरे चालू लागली आणि उतार गवताखाली गेले. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने त्याच उतारांवर आंबा आणि काजू आले. नाचणी गेली म्हणून नद्या मोकळ्या झाल्या का? राजापूरच्या बाजारपेठेत पुराचे पाणी आजही शिरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तो हाहाकार आपण सर्वांनी पाहिला. त्या दिवशीचा पाऊस असाधारण होता, पूरक्षेत्रात बांधकामे झाली होती, हे सगळे खरेच आहे. त्या आपत्तीनंतर मात्र गावाने आणि शासनाने पहिला हात घातला तो गाळाला. यंत्रे पात्रात उतरली आणि गाळाचे ढीग काठावर रचले गेले.

त्या ढिगाऱ्यांत रस्त्यांसाठी फोडलेल्या डोंगरांची, घरांच्या पायांची आणि बागांसाठी यंत्राने सपाट केलेल्या उतारांची नवी माती आहेच. पण तिच्याखाली शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नाचणीची माती आहे, असे समजण्यास आधार आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर दोन बोध निघतात. पहिला व्यवहाराचा. नुसते पात्र उपसून भागणार नाही. काठावर टाकलेला गाळ पुढच्या आषाढात पात्रात परतेल, आणि वरच्या अंगाला साठलेला जुना गाळ रिकाम्या झालेल्या जागेत उतरेल. ओढ्या-वहाळांचे काठ झाडांनी बांधून घेणे, ओस पडलेल्या भातखाचरांचे मोडलेले बांध पुन्हा उभे करणे आणि नव्या बागांसाठी उतार सरसकट न सोलणे, ही कामे उपसण्याइतकीच निकडीची आहेत. आज कसणारा नाही म्हणून खाचराचा बांध फुटतो आणि पिढ्यांनी अडवलेली माती एका पावसात निघून जाते. शेती वाढल्याने नदी भरली हे जितके खरे, तितकेच शेती सोडून दिल्यानेही ती भरते, हे खरे आहे.

दुसरा बोध इतिहासाचा. चिपळूणच्या दुकानदाराने २०२१ मध्ये जो चिखल दुकानातून उपसला, त्यातला काही खोतीचा होता, काही डनलॉपच्या जाहीरनाम्याचा, काही मुंबईच्या चुलींचा. तो ज्यांनी उतरवला त्यांनी पोटासाठी उतरवला, आणि ज्यांच्यामुळे उतरवावा लागला त्यांची नावे आमच्या वंशावळीत सापडतात.

आमच्यापैकी पुष्कळांची मूळ गावी अजून एखाद्या सामाईक खातेउताऱ्यावर नावे आहेत. पाच-पन्नास वारसांच्या नावावर पडून असलेले एखादे खाचर, मागे वरकसाचा एखादा तुकडा. कोणीच लक्ष देत नाही आणि कोणी विकूही शकत नाही. पुढच्या वेळी कुलदैवताचा अभिषेक आटोपला, की देवळामागच्या त्या खाचराकडे एकदा जाऊन यावे आणि त्याचा बांध शाबूत आहे का ते पाहावे. ढासळला असेल, तर गावातल्या चार माणसांना मजुरी देऊन तो पुन्हा रचून घ्यावा. त्याने राजापूरच्या धक्क्याला पुन्हा गलबत लागणार नाही. पण पुढच्या पावसात बाजारपेठेत शिरणाऱ्या चिखलात आमच्या नावची माती तेवढी कमी असेल.